सड्यावरचे हातभर जनावर

रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या सरकारी दप्तरात सापांचा एक हिशेब आहे. इंग्रजी अमलात विषारी साप मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे आणि या जिल्ह्यात ते बक्षीस मुख्यतः एकाच जातीपायी वाटले जाई. ती जात म्हणजे फुरसे. १८६२च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम काही दिवसांपुरती वाढवली, तेव्हा आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून जमा करण्यात आली. पुढे व्हिडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने, ज्याला नोकरीइतकाच सापांचाही नाद होता, सहा वर्षांचे आकडे मांडले. वर्षाची सरासरी दोन लाखांच्या वर गेली.

यातले प्रत्येक जनावर फुरसेच होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ठेचलेल्या सापांचा ढीग पुढ्यात आल्यावर नाक दाबून बसलेल्या कारकुनाने एकेकाची जात पारखली असेल, हे पटत नाही. पण निम्मी खोटी धरली तरी उरलेला आकडा भोवळ आणणारा आहे. एका जिल्ह्यात वर्षाला लाख-लाख विषारी साप मारले जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच हाती लागतात. ही जमीन एवढे साप पोसते तरी कशावर?

नाग किंवा घोणस एवढ्या दाटीने राहूच शकत नाहीत. घोणशीला उंदीर लागतात, आणि एका शेतात उंदीर असून असणार किती? फुरशाचे तसे नाही. कोकणातले पूर्ण वाढलेले फुरसे फूट-सव्वा फुटाचे, फार तर हातभर. एवढ्याशा देहाला विंचू चालतो, घोण चालते, नाकतोडा चालतो, पाल, बेडूक आणि उंदराचे पिल्लूही चालते. ज्या दगडाखाली मोठ्या सापाला उपास घडेल, तिथे याची चंगळ असते. आपल्याकडे सापाची भीती त्याच्या लांबीवर बेतलेली आहे. सहा फुटी धामण दिसली की वाडी गोळा होते, ती बिचारी बिनविषारी असली तरी. फुरसे मात्र लहान आहे म्हणूनच इतक्या संख्येने आहे, आणि संख्येने आहे म्हणूनच माणसाच्या वाट्याला वारंवार येते.

शास्त्रीय नाव एकिस कॅरिनॅटस. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १८०१ साली त्याचे वर्णन केले. अंगाचा रंग तपकिरी, करडा किंवा विटकरी, म्हणजे जिथे बसेल त्या दगडामातीचाच. पाठीवर फिकट ठिपक्यांची ओळ, दोन्ही कुशींवर पांढरट नागमोडी रेघ, आणि त्रिकोणी डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण. डोळे डोक्याच्या मानाने मोठे आणि बाहुली उभी. शेपूट आखूड. प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक उंच धार असते, त्यामुळे सगळे अंग खरखरीत. कुशीवरच्या तिरक्या खवल्यांची धार तर दातेरी असते, आणि फुरशाची सारी वाचा त्या खवल्यांतच आहे.

डिवचले गेले की ते अंगाची वेटोळी करते, पण ती नागासारखी एकावर एक रचलेली नसतात. अर्धचंद्राकार वळणे एकमेकांना समांतर ठेवून ती उलटसुलट सरकवते. दातेरी खवले एकमेकांवर घासतात आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चुरचुर आवाज निघतो. डोके मधोमध, मान मागे खेचलेली. हा पवित्रा घेतलेले फुरसे सहसा पळून जात नाही. जागचे हलत नाही, आवाज चालू ठेवते आणि टप्प्यात आलेल्या गोष्टीवर झेप घेते. ती झेप एवढी चपळ असते की चावा घेऊन ते पुन्हा वेटोळ्यात आले तरी माणसाला पायात काटा मोडल्यासारखेच वाटते. फूत्कारात श्वासाबरोबर अंगातला ओलावा जातो आणि खवल्यांच्या आवाजात तो वाचतो, म्हणून कोरड्या प्रदेशातल्या या सापाने ही तऱ्हा उचलली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. सिद्ध करायला अवघड, पण मला तो पटतो. कारण फुरशाचे सारे गोत्र कोरड्या मुलखातले आहे. आफ्रिकेच्या पश्चिम भागापासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान ते भारत आणि श्रीलंका असा त्याच्या भाऊबंदांचा पट्टा पसरलेला आहे, आणि त्यातला बहुतेक भाग वाळू, खडक आणि खुरट्या झुडपांचा.

मग हा वाळवंटी घराण्यातला साप धो धो पावसाच्या कोकणात काय करतो?

उत्तर सड्यावर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रकाठच्या खाड्यांमधून वर चढले की जांभ्याची सपाट पठारे लागतात. काळ्या बेसॉल्टची लाखो वर्षे झीज होऊन वर उरलेले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे कठीण कवच म्हणजे हा जांभा. यावर वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. माती बोटभर, कुठे तीही नाही. पडलेले पाणी वाहून जाते किंवा दगडाच्या भोकांतून खाली उतरून पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. ऑगस्टात हिरवागार, सप्टेंबरात जांभळ्या-पिवळ्या फुलांनी भरलेला सडा डिसेंबरपर्यंत पिवळा पडतो आणि मे महिन्यात त्यावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पावसाचा आकडा कोकणचा असला तरी वर्षातले आठ महिने ही जमीन वाळवंटाच्या जातीची असते. नकाशावरच्या पर्जन्यमानाच्या रेघा बघून फुरशाचा पत्ता शोधणारा म्हणूनच फसतो.

सड्यावरचे खरे जग सुट्या दगडांखाली आहे. उन्हात तापलेल्या कातळावर काही जगत नाही असे वाटते, पण पसाभर जांभ्याच्या दगडाखाली सावली असते, थोडी ओल असते, रात्रीची ऊब टिकून राहते. तिथे मुंग्या, झुरळांच्या रानटी जाती, घोणी, विंचू, पाली अशी सगळी वस्ती असते. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी, जाड शेपटीची पाल तर या सड्यांखेरीज जगात कुठेच नाही. रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावातून १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी तिची जगाला ओळख करून दिली. या पंगतीत फुरसे हा यजमान. दिवसभर तो दगडाखाली, भेगेत, वारुळाच्या तोंडाशी किंवा घायपातीसारख्या झुडपाच्या बुडाशी पडून असतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि बहुतेक वेळ भटकण्याऐवजी एका जागी दबा धरून बसतो.

विंचवाचे आणि त्याचे नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोकणातला लाल विंचू माणसाच्या हृदयावर थेट हल्ला करणारे विष बाळगतो. महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने त्याच्या दंशातले मृत्यू कसे टळतात हे दाखवून दिले, आणि ती उपचारपद्धती जगाने उचलली. तोच विंचू फुरशाच्या ताटात असतो. फुरशाच्या कुळातल्या वेगवेगळ्या जातींचे विष विंचवांवर तपासून पाहणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या जाती विंचू-किडे जास्त खातात त्यांचे विष विंचवाला जास्त घातक, आणि जी जात मुख्यतः पाठकणा असलेले प्राणी खाते तिचे सौम्य, असे त्यात आढळले. विष हे शत्रूसाठी असते ही आपली समजूत आहे, कारण आपण स्वतःला त्याचा शत्रू समजतो. विष घडते ते भक्ष्याच्या मापाने. माणूस मध्ये सापडतो एवढेच.

वर्षाचे चक्रही समजून घ्यायला हवे. थंडीत फुरशी सकाळच्या उन्हाला दगडाच्या कडेशी बाहेर येतात; जोड्या जमतात त्या याच दिवसांत. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसापर्यंत पिल्ले होतात. भारतातले फुरसे अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, एका वेळी साधारण चार ते आठ, कधी जास्त. वीतभरही नसलेले हे पिल्लू जन्मल्या क्षणापासून विष बाळगून असते आणि जन्मल्या क्षणापासून तोच चुरचुर पवित्रा घेते. पहिल्या पावसात बेडूक आणि किडे उसळतात, तेव्हा फुरशीही मोठ्या संख्येने फिरताना दिसतात. जमीन चिंब झाली की ती झुडपांवर, निवडुंगावर, कुंपणाच्या काटक्यांवर चढून बसतात. साप म्हटला की आपण जमिनीकडे बघतो. पावसाळ्यात सड्यावर गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवरही बघायला हवे.

देशावर हेच फुरसे खडकाळ माळांवर, कोरड्या टेकड्यांवर, ओढ्याकाठच्या दगडधोंड्यांत भेटते. राजस्थानात आणि कच्छमध्ये त्याची मोठी उपजात राहते, तिथले लोक तिला बांडी म्हणतात. ती दोन फुटांपर्यंत आणि त्याहूनही वाढते, आणि मोकळ्या वाळूवर अंग उचलून आडवी सरकते. मागे वाळूत तिरक्या, सुट्या रेघांची ओळ उरते. आपले फुरसेही घाईत असले की असेच आडवे जाते, पण कातळावर त्याच्या खुणा उमटत नाहीत. दाट जंगलात मात्र ते कुठेच नाही. सह्याद्रीच्या ओल्या, झाडोऱ्याने झाकलेल्या उतारांशी त्याचा संबंध येत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता माणूस. सड्यावर माणसाने जे जे केले ते फुरशाच्या पथ्यावर पडावे, असा जणू कट होता. जमीन साफ करायची म्हणून सुटे दगड गोळा केले आणि त्यांचे गडगे रचले. मैलोन्‌मैल कोरडे रचलेले हे गडगे म्हणजे फटीच फटी. देवगडला कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस लावला. प्रत्येक कलमाभोवती दगडांचे आळे, खाली वाळलेल्या पानांचा पातेरा, उन्हाळ्यात शिंपणाची ओल. चिरेखाणी खोदल्या, तिथे तुटक्या चिऱ्यांचे ढीग पडले. या साऱ्यामुळे मोकळ्या सड्यावरचे दुसरे कितीतरी जीव उखडले गेले. त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पालीला मोकळा कातळच लागतो. फुरसे त्या मानाने तडजोडीला तयार असते. त्याला दगड हवा. तो देवाने ठेवलेला असो की गड्याने.

म्हणून इथे सर्पदंशाला कामाचे पंचांग आहे. पावसाच्या तोंडाशी लाकूडफाटा आत घेताना, भाताच्या बांधावरचे दगड सारखे करताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापताना, राबासाठी पातेरा गोळा करताना, फेब्रुवारीपासून काजूच्या बिया वेचताना आणि मार्च ते मे आंब्याच्या बागेत. काजूची बी पातेऱ्यात पडते आणि ती हाताने चाचपून काढावी लागते. हे काम बहुतेक बायका करतात, त्यामुळे हाताच्या बोटांवरचे दंश त्यांच्या वाट्याला येतात. आंब्याच्या हंगामात राखणीला माणसे मांगरात जमिनीवर झोपतात, रात्री आवाज आला की अनवाणी उठून बाहेर धावतात. यातली कित्येक माणसे नेपाळहून किंवा परजिल्ह्यांतून आलेली असतात. त्यांना इथला दगड माहीत नसतो, आणि पान लागले तर रात्री कुणाला हाक मारायची हेही माहीत नसते. बागायतदाराने त्यांना एकेक विजेरी आणि घोट्याच्या वर जाणारे बूट द्यावेत, हा खर्च एका पेटीच्या भावात सहज बसतो. फुरशाचे दात आखूड असतात. जाड बूट आणि हातमोजा त्यांना बऱ्याच अंशी अडवतो, आणि पातेरा उकरायला काठी असली तर हात आत जातच नाही.

अलीकडे कातळशिल्पे पाहायला लोक सड्यावर येऊ लागले आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली चित्रे पाऊस संपल्यावर गवतात अर्धी झाकलेली असतात. गवत हाताने बाजूला करून खालची रेघ चाचपण्याचा मोह मलाही कळतो. तो आवरावा.

दंश झाल्यावर काय होते? जागेवर आग होते, सूज चढू लागते, दाताच्या खुणांतून रक्त झिरपत राहते. नागाच्या किंवा मण्याराच्या विषाने पापण्या मिटू लागतात, श्वास अडखळतो. फुरशाचे तसे नसते. माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो, आणि घरच्यांना वाटते की निभावले. विष तेवढ्या वेळात रक्तात आपले काम करत असते. त्यातला एकॅरिन नावाचा घटक रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला भलत्या वेळी जागे करतो. जखम नसताना रक्त गोठवण्याची यंत्रणा सगळ्या शरीरभर एकदम सुरू होते, बारीक गुठळ्या होतात, त्या विरघळतात, पुन्हा होतात, आणि या धुमाळीत गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजन संपून जाते. नंतर खरोखर गरज पडली तरी रक्त गोठू शकत नाही. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, जुनी भरलेली जखम पुन्हा वाहू लागते. काहींची मूत्रपिंडे बंद पडतात, काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो. मृत्यू आला तर तो काही दिवसांनीही येतो. बरे वाटते म्हणून घरी राहिलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी हाताबाहेर गेला, असे घडते ते यामुळे.

ब्लेडने चीर देऊन विष काढण्याचा उद्योग सर्वच दंशांत वाईट, पण फुरशाच्या दंशात तो आत्मघातकी, कारण त्या चिरेतून सुरू झालेले रक्त थांबवायला अंगात काही उरलेलेच नसते. आवळून बांधलेली दोरी सुजलेल्या अवयवाचे आणखी नुकसान करते. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी-बांगडी-पैंजण सूज चढण्याआधी काढावी, रुग्णाला चालवू नये आणि गाडी करावी. मांत्रिकाकडे जाणारा रस्ता दवाखान्याच्या रस्त्याला समांतर असला तरी तिथे जाणारा वेळ परत मिळत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर जी तपासणी होते ती वैद्यकातल्या सर्वांत साध्या आणि सर्वांत हुशार तपासण्यांपैकी एक आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि वीस मिनिटे ती नळी अजिबात हलवत नाहीत. मग तिरपी करून बघतात. रक्ताची गुठळी झाली असेल तर नळी कलती केली तरी ती जागची हलत नाही. पाण्यासारखे वाहिले तर विष कामाला लागले आहे, प्रतिसर्पविष द्यायलाच हवे. ना वीज लागते, ना यंत्र. अट एकच, नळी काचेची हवी आणि साबणाने धुतलेली नको. प्लॅस्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत चांगले रक्तही नीट गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. डोंगराळ भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही नळी असते तिथे जीव वाचतात. ही तपासणी औषध दिल्यानंतरही पुन्हा पुन्हा करावी लागते.

प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विरुद्ध एकत्रच बनते. घोड्याला या विषांचे वाढते सूक्ष्म डोस टोचतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. महाराष्ट्रात हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. विष मात्र बहुतांशी तमिळनाडूहून येते. चेन्नईजवळ इरुळा या आदिवासी जमातीची सहकारी संस्था १९७८ पासून साप पकडून, विष काढून, पुन्हा सोडून देण्याचे काम करते. एका टोकाच्या सापाचे विष वापरून केलेले औषध दुसऱ्या टोकाच्या सापावर तितकेच चालेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भागांतली सर्पविषे तपासली, तेव्हा राजस्थानच्या मोठ्या फुरशावर हे औषध अपुरे पडते असे दिसले. जात तीच, मुलूख वेगळा, भक्ष्य वेगळे, म्हणून विषही वेगळे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. एवढ्या मृत्यूंचा देश प्रदेशवार औषध करायला आणखी किती थांबणार?

याच विषाने हृदयरोग्यांचेही काही भले केले आहे. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे एकोणपन्नास अमिनो आम्लांचे एक इवलेसे प्रथिन असते. ते रक्तातल्या बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याची रचना समोर ठेवून टायरोफिबॅन हे औषध घडवले गेले, आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडू पाहते तेव्हा ते शिरेतून देतात. मुंबईच्या अतिदक्षता विभागात ते ज्याला टोचले जाते, त्याला आपल्या आजोळच्या गडग्यातल्या जनावराचे हे उपकार ठाऊक नसतात.

साप ओळखण्यातले घोटाळे राहिले. मांजऱ्या साप फुरशासारखा दिसतो, तशीच वेटोळी घालून तसाच आव आणतो. तो माणसाला धोकादायक नाही, पण फुरसे म्हणून मारला जातो. घोणशीचे पिल्लूही पुष्कळांना फुरसे वाटते. तिथे निदान औषध तरी तेच लागू पडते. पोवळा साप हा दुसरा छोटा विषारी साप, पेन्सिलीहून बारीक, डोके काळे, छेडला तर शेपूट वळवून खालचा रंग दाखवणारा. तो पालापाचोळ्याखाली आणि दगडाखाली राहतो, वाळ्यासारखे आंधळे साप खातो आणि माणसाला चावल्याच्या घटना अगदी विरळ.

खरा घोटाळा नाकाड्या चापड्याचा आहे. हाही हातभराचाच, तपकिरी, त्रिकोणी डोक्याचा. नाकाचे टोक वर उचललेले असते, पण दंश झालेल्या घाईत ते कोण बघतो? केरळ आणि श्रीलंकेत त्याचे दंश नेहमीचे आहेत. आपल्याकडे तो गोव्यात आणि तिळारी-दोडामार्गच्या ओल्या रानात पालापाचोळ्यावर बसलेला असतो. त्याच्या विषानेही रक्त गोठायचे थांबते आणि मूत्रपिंडांना इजा होते, त्यामुळे नळीतले रक्त दोघांच्या बाबतीत सारखेच वाहते. पण आपले प्रतिसर्पविष त्याच्यावर चालत नाही, कारण ते करताना त्याचे विष वापरलेलेच नसते. केरळात अशा रुग्णांना फुरशाचे समजून कुपीमागून कुपी देण्यात आल्या आणि रक्त काही गोठेना. २००७ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले, तेव्हा कुठे भारतात त्याची दखल घेतली गेली. तिथे लघवीवर लक्ष ठेवणे आणि वेळेत डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवणे, एवढेच हाती असते.

सिंधुदुर्गात हे दोन्ही साप आहेत, पण त्यांचे इलाखे निराळे. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचा उघडा सडा फुरशाचा. घाटाच्या पायथ्याचे सावलीचे रान, सुपारीच्या ओल्या बागा आणि रबराची लागवड चापड्याची. रुग्णाने साप मारून पिशवीतून आणावा अशी अपेक्षा करणे चुकीचे, त्या नादात दुसरा दंश होतो. त्यापेक्षा केसपेपरवर दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात. गाव कोणते, पाय कातळावर होता की पाचोळ्यात, गडगा होता की पाणंद, दिवस होता की रात्र. सड्यावरच्या गावातून आलेल्या माणसाचे रक्त औषध देऊनही सहा तासांनी वाहतच असेल तर डॉक्टर आणखी कुप्या फोडतो. तिळारीच्या रानातून आलेल्याचे वाहत असेल, तर तो फोन उचलून मूत्रपिंडाच्या डॉक्टरशी बोलू लागतो.